जाहिरात माझ्या पानावर, क्रमांक दुसऱ्याचा

माझ्या ब्लॉगवरच्या जाहिरातींचे पैसे जवळजवळ अकरा महिने दुसऱ्याच माणसाच्या खात्यात जात होते. सगळे नाही, फार तर एक-तृतीयांश. सगळे गेले असते तर मला आठवड्याभरात कळलं असतं. समोरच्याला ते ठाऊक होतं, म्हणूनच त्याने तेवढेच घेतले.

मी शिवणकामावर लिहिते. मापं कशी घ्यायची, कागदी कटिंग कसं आखायचं, मशीनचा टाका का सुटतो, असे लेख. ब्लॉग वर्डप्रेसवर आहे. वाचक वाढले तसं वाटलं की यातून निदान होस्टिंगचा खर्च तरी निघावा. ॲडसेन्स म्हणजे गुगलची जाहिरात सेवा, तिची मंजुरी मिळाली. दोन ठिकाणचं ॲफिलिएट सदस्यत्व घेतलं, म्हणजे माझ्या लिंकवरून कोणी काही विकत घेतलं तर मला कमिशन. आता प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला नवी सोय जोडणारे छोटे प्रोग्राम, हवे होते: लेखाच्या मध्ये ठरलेल्या जागी जाहिरात लावणारा, ॲफिलिएट लिंका सांभाळणारा आणि वाचकांचे ईमेल गोळा करणारा. प्रत्येकाची मोफत आवृत्ती होती, पण मला हवी ती सोय नेमकी पैसे भरल्यावर मिळणारी, आणि ते पैसेही दरवर्षी. तिन्ही मिळून खर्च माझ्या तेव्हाच्या कमाईपेक्षा जास्त होत होता.

म्हणून मी ‘सर्वोत्तम प्लगिन’ छापाचे तुलनात्मक लेख वाचायला घेतले. चार लेखांत एकच पॅकेज पहिल्या क्रमांकावर होतं. एकदाच पैसे भरा, आयुष्यभर वापरा, तीसहून अधिक प्रीमियम प्लगिन, शिवाय विक्रेत्याचा स्वतःचा कमाई सांभाळणारा प्लगिन. चार वेगळे लोक एकच सांगतायत म्हणजे खरं असणार, असं मी धरून चालले. त्या लेखांतल्या लिंका नीट पाहायला हव्या होत्या. प्रत्येकीच्या शेवटी शिफारस करणाऱ्याचा कोड होता, म्हणजे विक्रीमागे त्यांना कमिशन होतं. कमिशन घेणं यात गैर काही नाही. मीही वापरलेल्या मशीनखाली ॲफिलिएट लिंक देते आणि तसं लिहिते. पण या चारही लेखांतले स्क्रीनशॉट हुबेहूब सारखे होते, विक्रेत्याच्याच पानावरून उचललेले. त्यांच्यापैकी कोणीही ते पॅकेज एक दिवससुद्धा चालवलेलं नव्हतं.

‘इतके महागडे प्लगिन एवढ्या स्वस्तात कसे देता?’ असं मी विक्रेत्याला विचारलं होतं. उत्तर आलं, ‘सगळं जीपीएल आहे, पूर्ण कायदेशीर.’ या वाक्यावर मी थोडं थांबते, कारण यालाच मी भुलले आणि हे वाक्य खोटं नाही. वर्डप्रेस जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली येतं, त्याचे बहुतेक प्लगिनही त्याच परवान्याखाली असतात, आणि तो परवाना कोड पुढे वाटायची मुभा देतो. पण मूळ लेखकाकडून मिळणारे अपडेट आणि मदत त्यात येत नाही. कोड मधल्या हातातून येताना त्यात कोणी काय घातलं याची हमी तर नसतेच. पैसे भरलेत का हे पाहणारी तपासणी काढून टाकलेल्या अशा प्रतींना ‘नल्ड’ म्हणतात. हा शब्द मला फार उशिरा कळला. वर्डप्रेसमध्ये धुमाकूळ घालणारा डब्ल्यूपी-व्हीसीडी नावाचा मालवेअर (घातक प्रोग्राम) अशाच नल्ड थीम आणि प्लगिनांतून पसरला होता. एका होस्टिंग खात्यावरच्या एका साइटमध्ये शिरला की तो शेजारच्या साइटही धरायचा.

झिप फाइल अपलोड केली, माझा प्रकाशक क्रमांक टाकला (जाहिरातीचे पैसे कोणाच्या खात्यात जायचे ते ॲडसेन्स यावरून ठरवतं), ॲफिलिएट कोड टाकले. खरं सांगायचं तर प्लगिन छान चालला. जाहिराती हव्या तिथे दिसू लागल्या आणि पहिल्या महिन्यात कमाई वाढलीसुद्धा. मी खूश होऊन ब्लॉग लिहिणाऱ्या दोन मैत्रिणींना तेच पॅकेज घ्यायला लावलं.

पुढच्या महिन्यापासून आकडे जुळेनात. ब्लॉगच्या आकडेवारीत भेटी तेवढ्याच होत्या, पण ॲडसेन्सच्या खात्यात पेज व्ह्यू कमी. थोडी तफावत सगळ्यांच्याच बाबतीत असते, कारण बरेच लोक ॲड-ब्लॉकर वापरतात. मी त्यावरच सगळं ढकललं. विक्रेत्याला लिहिलं, तर ‘हंगामानुसार दर खाली-वर होतात’ असं उत्तर. तेही खरंच असतं. पण दर घसरला तर दर हजार पानांमागची कमाई कमी होईल, पानांची संख्या कशी कमी होईल? हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

पत्ता लागला तो धाकट्या बहिणीच्या लॅपटॉपवर. तिला बाहीचं कटिंग करायचं होतं, म्हणून तिने गुगलवर शोधून माझाच लेख उघडला आणि मला हाक मारली, ‘ताई, हे माप कुठलं गं? मध्येच जाहिरात आलीय.’ मापांचा तक्ता आणि आकृती यांच्यामध्ये मी कधीच जाहिरात लावत नाही. तिथे वाचणाऱ्याचा एक हात टेपवर असतो, नजर तक्त्यावरून आकृतीवर जात असते. माझ्या घरी तो लेख मी शंभर वेळा तरी उघडला असेन, ती जाहिरात कधी दिसली नव्हती.

मी तिथेच पानाचा सोर्स, म्हणजे त्यामागचा कोड, उघडला आणि त्यात ‘पब’ शोधलं. ॲडसेन्सचा प्रकाशक क्रमांक ‘पब’ आणि पुढे सोळा आकडे असा असतो. पाच ठिकाणी सापडला. मला माझे शेवटचे चार आकडे पाठ आहेत, आणि हे ते नव्हते. पाचही ठिकाणी सारखाच, पण माझा नव्हे. बहिणीच्या वहीच्या मागच्या पानावर ते सोळा आकडे चार-चारच्या गटात उतरवून घेतले. पान पुन्हा लोड केलं, तर पाचही ठिकाणी माझा क्रमांक आणि मधली जाहिरात गायब. पुन्हा लोड केलं, माझाच. चौथ्या वेळी परत तो दुसरा. हात थरथरत होते, म्हणून वहीतले आकडे बहिणीला मोठ्याने वाचायला सांगितले आणि मी पडद्यावर बोट ठेवून एकेक जुळवला.

मावसभाऊ प्रोग्रामिंग करतो. त्याने प्लगिनचं फोल्डर उतरवून घेतलं आणि आम्ही एक अख्खा रविवार त्यात घातला. त्या क्रमांकाने शोधलं तर काहीच मिळेना, कारण तो बेस-६४ मध्ये, म्हणजे मजकूर वेगळ्याच अक्षरांत लिहिण्याच्या एका पद्धतीत, लपवलेला होता. चित्रांचा आकार बदलणारी वाटावी अशा नावाची एक फाइल होती, तिच्यात वाय, २, ई, टी अशी सुरू होणारी अक्षरांची एक रांग. ‘सीए-पब’ बेस-६४ मध्ये लिहिलं की तशीच सुरुवात होते. नुसतं बेस-६४ दिसलं म्हणजे चोरी, असं नाही. चांगले प्लगिनही ते वापरतात. पण उलगडल्यावर तोच वहीतला क्रमांक बाहेर आला. त्याच्या शेजारी माझ्या दोन्ही ॲफिलिएट कोडांना पर्यायी कोडही होते.

क्रमांक केव्हा बदलायचा याच्या त्या कोडमधल्या अटी एकेक करून वाचल्या. बसवल्यानंतर एकवीस दिवस काहीही करायचं नाही, कारण माणूस पहिले काही दिवसच डोळ्यांत तेल घालून पाहतो. लॉग-इन केलेल्याला दाखवायचं नाही. ज्या ब्राउझरवरून एकदा जरी लॉग-इन झालं त्यावर कुकी, म्हणजे ओळखीची खूण, ठेवायची आणि त्यालाही दाखवायचं नाही. गुगलसारख्या शोधयंत्रावरून आलेल्यालाच दाखवायचं. मग एक ते शंभरमधला एक आकडा काढायचा, आणि तो पस्तीस किंवा त्याखाली आला तर क्रमांक बदलायचा. मी इनकॉग्निटो खिडकी उघडूनही कधी काही दिसलं नव्हतं ते यामुळे. मी पत्ता टाइप करून येत होते, शोधून नाही.

मावसभाऊ म्हणाला, ‘ताई, ॲड्स डॉट टीएक्सटी उघडून बघ.’ जाहिरात विकण्याचा अधिकार कोणाकोणाला दिलाय हे त्या फाइलीत जाहीर केलेलं असतं. बनावट विक्रेते रोखण्यासाठी आयएबी टेक लॅब या ऑनलाइन जाहिरातींचे मानक ठरवणाऱ्या संस्थेने ही पद्धत २०१७ मध्ये आणली. माझ्या फाइलीत मी एकच ओळ लिहिली होती, पण ब्राउझरमध्ये उघडल्यावर दोन ओळी दिसल्या. दुसऱ्या ओळीत तो क्रमांक, पुढे ‘डायरेक्ट’. म्हणजे माझ्याच साइटने त्याला अधिकृत विक्रेता म्हणून जाहीर केलं होतं. ही फाइल कोणालाही ब्राउझरमध्ये उघडता येते, मी अकरा महिन्यांत एकदाही उघडली नाही.

प्लगिन काढून टाकला तरी दुसऱ्या दिवशी क्रमांक परत हजर. त्याने एमयू-प्लगिन्स या फोल्डरमध्ये आपली एक फाइल ठेवलेली होती. तिथली फाइल सुरू करावी लागत नाही, आपोआप चालते, आणि डॅशबोर्डवरून बंद करता येत नाही. फाइलच पुसावी लागते. मग साइटवर लॉग-इन करू शकणाऱ्या वापरकर्त्यांचं पान पाहिलं. वर ‘सर्व (३)’ असं लिहिलेलं, खाली यादीत दोनच नावं: मी आणि मला लेख तपासून देणारी मैत्रीण. तिसरा डेटाबेसमध्ये सापडला, तोही प्रशासक, म्हणजे साइटवर पूर्ण ताबा असलेला. तुमच्या साइटवर हा आकडा आणि यादीतली नावं जुळतात का, हे आजच्या आज मोजून पाहा. एक मिनिटाचं काम आहे.

पुढची साफसफाई थोडक्यात सांगते. पॅकेज घेण्याआधीचा बॅकअप होता, तो परत चढवला. नंतरचे लेख हाताने टाकले. वर्डप्रेसच्या मूळ फाइली नव्याने घेतल्या, डेटाबेससकट सगळे पासवर्ड बदलले आणि कॉन्फिग फाइलमधल्या गुप्त किल्ल्याही बदलल्या, म्हणजे कोणी लॉग-इन असेल तर तो बाहेर फेकला जातो. पॅकेजमधला फॉर्मचा प्लगिनही नल्ड निघाला. त्याला मूळ लेखकाचे सुरक्षा अपडेट एकदाही मिळाले नव्हते.

पैसे परत मिळाले नाहीत. विक्रेत्याला पुरावे पाठवले तर ‘डेव्हलपरला आधार म्हणून काही जाहिराती दाखवल्या जातात, अटींमध्ये नमूद आहे’ असं एका ओळीचं उत्तर आलं, आणि काही दिवसांनी ते संकेतस्थळच बंद झालं. कार्डाच्या व्यवहारावर हरकत घ्यायची मुदत केव्हाच उलटून गेली होती. काही प्लगिन जाहिरातींतला वाटा उघडपणे मागतात, सेटिंगमध्ये टक्केवारी दाखवतात, शून्यही करू देतात. त्याला माझा विरोध नाही. ज्याला वाटा घ्यायचाय तो एकवीस दिवस लपून बसत नाही.

‘मग फक्त वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारातलेच घे’ असं मला पुष्कळांनी सांगितलं. आता मी तसंच करते. तिथे मुद्दाम दुर्बोध केलेला कोड चालत नाही, आणि मालकाला विचारल्याशिवाय वाचकांना दिसेल अशी बाहेरची लिंक घालता येत नाही. पण तेवढ्यावर डोळे मिटू नका. डिस्प्ले विजेट्स हा प्लगिन त्याच भांडारात होता, सुमारे दोन लाख साइटवर चालत होता. २०१७ मध्ये मूळ लेखकाने तो विकला, नव्या मालकाने त्यात स्पॅम पानं दाखवणारा कोड घातला, आणि तीसुद्धा लॉग-इन न केलेल्यांनाच दिसत. वारंवार काढून टाकल्यावर त्याच वर्षी तो भांडारातून कायमचा गेला. म्हणून एखाद्या प्लगिनचा मालक बदलल्याचं कळलं की मी पुढच्या अपडेटनंतर परक्यासारखी माझ्याच साइटवर जाते: दुसऱ्याच्या मशीनवर, गुगलवरून, लॉग-इन न करता. सोर्समधले क्रमांक पाहते, ॲफिलिएट लिंकचा पत्ता कॉपी करून कोड वाचते. जाहिरातीवर क्लिक मात्र चुकूनही करू नका. स्वतःच्या जाहिरातीवर केलेला क्लिक अवैध धरला जातो आणि त्यापायी खातंही जाऊ शकतं.

पैशांपेक्षा मला वाचकांचं जास्त लागलं. त्या तिसऱ्या प्रशासकाला माझ्या यादीतल्या सगळ्या वाचकांचे ईमेल दिसत होते. त्याने ते नेले की नाही, हे सांगायला माझ्याकडे लॉग उरले नव्हते. मी प्रत्येकाला पत्र पाठवलं: काय झालं, किती दिवस चाललं, माझ्या नावाने काही विचित्र मेल आला तर उघडू नका. काही जण यादीतून निघून गेले. बऱ्याच जणांनी कळवल्याबद्दल आभार मानले.

मैत्रिणींना फोन करायला मला दोन दिवस लागले. पहिलीने ते पॅकेज कधी बसवलंच नव्हतं. दुसरीचा ब्लॉग माझ्यापेक्षा मोठा, तिचं घरखर्चाचं गणित त्यावर आहे. तिला म्हटलं, ‘तुझ्या मुलाच्या लॅपटॉपवरून शोध, तुझ्या मशीनवर दिसणार नाही.’ ती बराच वेळ पान पुन्हा-पुन्हा लोड करत होती. मी वही उघडी ठेवून बसले होते. मग म्हणाली, ‘अगं, हा माझा नाही.’ आणि आकडे वाचायला लागली. पहिले चार जुळले. दुसरे चार जुळले. तिसरे ती वाचत होती तेव्हा मी तिला थांबवलं आणि शेवटचे चार मीच सांगितले.