सायगॉनच्या टॅक्सीत ८,४६,००० डोंगला फसले, निळ्या नोटा नीट बघा

व्हिएतनाममधल्या हो चि मिन्ह सिटीत, म्हणजे सायगॉनला येऊन मला सात आठवडे झाले. पुण्यातल्या कंपनीचं काम इथून करते. मागच्या गुरुवारी रात्री एका टॅक्सीवाल्याने मला ८,४६,००० डोंगला गंडवलं, आपले २,८०० रुपये तरी झाले. घरचे म्हणतात सोड आता, पण मला झोप लागत नाहीये, कारण मीटर पळवतात, नोट बदलतात हे सगळं मला माहीत होतं, वाचूनच आले होते.

त्या दिवशी बेन थान मार्केटजवळच्या कॅफेत काम करत बसले आणि निघायला पावणेअकरा झाले. एरवी मी मेट्रोनेच जाते, डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेली ती लाईन १, बेन थानला बसायचं आणि घराजवळ थाओ दिएनला उतरायचं, पण ती तोवर बंद झालेली. पाऊस धो धो. फोन ४ टक्क्यांवर आणि साडेअकराला क्लायंटचा कॉल (पुण्यात तेव्हा रात्रीचे दहा), लॉगिनचा कोड फोनवरच येतो म्हणून ग्रॅब (इथलं टॅक्सीचं ॲप) न लावता फोन जपून ठेवला. पॉवरबँक घरी राहिलेली. ती बॅगेतून कधीच काढू नका. समोर टॅक्सी येऊन थांबली, इथल्या एका मोठ्या कंपनीच्या गाडीसारखीच, तोच रंग, तसाच दारावर फोन नंबर, फक्त नावात एक अक्षर वेगळं. ते मला नंतर आठवलं. त्या पावसात लॅपटॉप पोटाशी धरून उभं असताना अक्षरं कोण वाचत बसतं?

इथल्या मीटरवर शेवटची तीन शून्यं नसतात, १२० दिसलं तर १,२०,००० समजायचं. ग्रॅबची गाडी मला घरापर्यंत तेवढ्यालाच पडते. बेन थानजवळच्याच बा सोनपाशी मीटर १४० वर गेलेला. मी बोलले, त्याने हाताने पाऊस दाखवला आणि गाडी पुढे काढली. रात्रीची एकटी बाई तिथे उतरून कुठे जाणार होते मी?

बिल्डिंगसमोर थांबलो तेव्हा मीटरवर ३८६. वाद घालायला वेळ नव्हता, मी ५,००,००० ची नोट काढून दिली. आणि त्याने गाडीतला दिवा बंद केला. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पैसे मोजायचे असतात तेव्हा माणूस दिवा लावतो हो, बंद कशाला करेल? दोन सेकंदांत दिवा परत लागला आणि त्याच्या हातात २०,००० ची नोट, माझ्यापुढे नाचवत "ट्वेंटी, ट्वेंटी" असं ओरडायला लागला. आणि मी सॉरी म्हणाले! त्या चोराला मी सॉरी म्हणाले. दोन्ही नोटा निळ्या, दोन्हींवर हो चि मिन्हचा फोटो, मला वाटलं घाईत माझीच चूक झाली. ती २० ची परत घेऊन दुसरी ५,००,००० ची दिली. सुट्टे म्हणून हातावर १४,००० ठेवले, म्हणजे वरचे एक लाखही त्यानेच खाल्ले, आणि मी दार लावायच्या आत गाडी गेली.

कॉल संपल्यावर पाकीट उघडलं. संध्याकाळी एटीएममधून २०,००,००० काढले होते, म्हणजे ५ लाखाच्या चार नोटा. उरल्या दोन. म्हणजे दहा लाख दिले, ती २० ची आणि सुट्टे मिळून ३४,००० परत आले, ग्रॅबला पडले असते ते १,२०,००० सोडले तर ८,४६,००० गेले. आणि माझ्याकडे २० ची नोट असणं शक्यच नव्हतं, होती ती एकच आणि ती संध्याकाळी आइस कॉफीवाल्या मावशींना दिली होती.

आता या नोटांबद्दल. ५ लाखाची नोट २० हजाराच्या नोटेपेक्षा दीड सेंटिमीटरभर लांब आहे, आणि २० च्या मागे होई आनचा छप्पर असलेला पूल आहे. ५ लाखाच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा. देताना आकडा मोठ्याने बोला आणि समोरच्याने ती नीट बघेपर्यंत हातातून सोडू नका.

सकाळी पोलीस चौकीत गेले. दीड तास बाकावर बसवून ठेवलं. मग एकाने फोनवरच्या ट्रान्सलेटरमधून विचारलं, गाडीचा नंबर? नाही घेतला. पावती? नाही. मग म्हणे टॅक्सीत बसलात बेन थानला, तिकडच्या चौकीत जा. अर्धा दिवस रजा टाकून तिकडे गेले तर ते म्हणाले पैसे जिथे दिले तिथली हद्द! हद्दीचं हे नाटक आपल्याकडेही चालतं, पण इथे भाषा येत नाही, भांडणार कशी? त्यात तिथल्या साहेबांनी टॅक्सीचं सोडून माझीच चौकशी सुरू केली, व्हिसा कुठला, राहता कुठे, घरमालकाने पोलिसांकडे तुमची नोंद केलीय का, इथे करता काय. मी टुरिस्ट ई-व्हिसावर आहे, लॅपटॉपवर काम करते हे कोणत्या तोंडाने सांगणार? गप्प बसले. आमच्यासारखे लोक चौकीत आवाज चढवणार नाहीत हे त्या टॅक्सीवाल्यांनाही पक्कं ठाऊक असणार. घरमालकाकडून त्या नोंदीचा कागद पहिल्याच आठवड्यात मागून घ्या, मी तो आता घेतला. आमच्या बिल्डिंगच्या गेटवर कॅमेरा आहे, त्यात गाडीचा नंबर नक्की असेल, पण मॅनेजर म्हणतो पोलिसांचं पत्र आणा, आणि पोलीस म्हणतात आधी नंबर आणा. सांगा आता मी काय करू?

बसायच्या आधी नंबर प्लेटचा फोटो काढा, ४ टक्के बॅटरीतही तेवढं होतं. मी केलं नाही. सोमवारी शेजारच्या मुलीकडून व्हिएतनामीत अर्ज लिहून घेऊन पुन्हा जाणार आहे. बेन थान ते थाओ दिएन रस्त्यावर हाच प्रकार आणखी कुणासोबत झाला असेल आणि गाडीचा नंबर असेल तर सोमवारच्या आत मला कळवा, अर्जात दोन्ही घटना एकत्र टाकते.