मुंबई इंडियन्सच्या थीमचं कॅबिनेट करून घेताना आमची झालेली फसवणूक, कॉम्प्युटर कुणाला देण्याआधी वाचा

आयपीएल जवळ आली की टीमच्या थीमवर कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचा बाहेरचा डबा, रंगवून देतो म्हणणारे खूप जण दिसायला लागतात, म्हणून आज वेळ काढून सगळं सविस्तर लिहितोय. मोठं झालंय पण पूर्ण वाचा.

माझा भाचा लहानपणापासून मुंबई इंडियन्सचा वेडा आहे. 2019 ची फायनल त्याने माझ्या शेजारी बसून बघितलेली, मलिंगाने शेवटच्या बॉलवर शार्दुलला एलबीडब्ल्यू केलं आणि 1 रनने जिंकलो तेव्हा पोरगं रडत होतं आनंदाने. इंजिनियरिंगला ॲडमिशन मिळाली की तुला पीसी घेऊन देईन असा माझा शब्द होता, तो पाळला, लॅमिंग्टन रोडला दोन शनिवार फिरून एकेक पार्ट घेतला, सगळी पक्की बिलं घेतली. मग तो म्हणाला, "मामा, कॅबिनेट आपल्या टीमचं करूया ना." मला पण ते मनापासून आवडलं, निळा रंग, सोनेरी कडा, पुढे चक्र आणि त्याच्या मागून लाइट, आणि खाली एसएमपीएसवरच्या (पीसीला वीज पुरवणारा भाग) पत्र्याच्या झाकणावर आपण जिंकलेली पाच वर्षं.

इन्स्टावर एक जण सापडला. फोटो अप्रतिम होते, काचेतून आतली निळी लाइट, रंग आरशासारखा. फोनवर बोलायला एकदम गोड, "दादा मी पण कट्टर पलटन, वानखेडेला एक मॅच चुकवत नाही, तुमचं काम घरचं समजून करतो." या एका वाक्यावर मी विरघळलो, हे खरं सांगतो. बाकी कुठल्याही वस्तूला मी चार प्रश्न विचारतो, दुकान बघतो, ओळखीत विचारतो, इथे काहीच केलं नाही कारण माणूस आपल्यातला वाटला. 16,000 सांगितले, त्यात रंग 8,000, ॲड्रेसेबल लाइटचे (ज्यांचा रंग पीसीवरून हवा तसा ठरवता येतो) फॅन आणि वायरिंग 6,000 आणि लोगो वापरायची "ऑफिशियल लायसन्स फी" 2,000. ही फी ऐकूनच थांबायला हवं होतं. टीमचा लोगो वापरायचं लायसन्स मोठ्या कंपन्या करार करून घेतात, घरून काम करणारा माणूस एका कॅबिनेटमागे 2,000 घेऊन ते देऊ शकत नाही. मी कागद मागितला तर लोगो चिकटवलेलं काहीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि मी ते मान्य पण केलं. 10,000 यूपीआयने दिले.

सगळ्यात मोठी चूक पुढची. मी रिकामं कॅबिनेट देणार होतो. तो म्हणाला लाइटचं वायरिंग मदरबोर्डला जोडून टेस्ट करावं लागतं, पूर्ण पीसीच द्या, 12 दिवसात देतो. त्याने टेम्पो पाठवला आणि मी अख्खा पीसी त्यात चढवून दिला. ना पावती, ना आतल्या पार्टचे फोटो, ना सिरीयल नंबरची नोंद.

12 दिवसांचे 40 झाले. कधी पेंट सुकत नाही, कधी आई आजारी. शेवटी टेम्पो आला तेव्हा ड्रायव्हर म्हणाला उरलेले 6,000 आल्याशिवाय उतरवू नको असं सांगितलंय. दिले. उघडून बघितलं तर रंग नव्हताच, गाडीच्या नंबरप्लेटवर करतात तसलं रेडियमचं काम होतं, निळा कागद चिकटवलेला, कडांना बुडबुडे. पुढच्या जाळीवरून पण तोच कागद ओढलेला, म्हणजे फॅनला हवा आत घ्यायची जागाच बंद! फॅन ॲड्रेसेबल नव्हते, सरळ एसएमपीएसच्या मोलेक्स वायरला जोडायचे स्वस्तातले, लाल हिरवा पिवळा आपोआप बदलणारे, निळा सोनेरी करायची सोयच नाही. आणि खाली झाकणावर वर्षं लिहिलेली, 2013, 2015, 2018, 2019, 2020. भाचा काही बोललाच नाही, नुसता त्या आकड्याकडे बघत राहिला. 2018 ला चेन्नई जिंकली होती हो. आपलं 2017, पुण्याविरुद्ध, ती पण 1 रनने. जो वानखेडेची एक मॅच चुकवत नाही त्याच्या हातून हे होईल का?

तरी आम्ही म्हटलं जाऊदे, कागद काढून टाकू. खरं दुखणं चार दिवसांनी कळलं. गेम चालू केला की पीसी आपोआप रिस्टार्ट व्हायचा. विंडोज पण नवीन टाकलेली होती, विचारलं तर म्हणे टेस्टिंगमध्ये करप्ट झाली. भाच्याने क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्क किती तास चाललीय ते दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून बघितलं तर दोन महिन्यांपूर्वी घेतलेली एसएसडी (ज्यात सगळा डेटा साठतो ती डिस्क) 11,000 तासांच्या वर चाललेली दाखवत होती. दोन महिन्यांत दीड हजार तास पण होत नाहीत. मग बिलं काढली, एसएसडीचा सिरीयल नंबर वेगळा, एसएमपीएसचा पण वेगळा, आमचा 650 वॅटचा गोल्ड रेटिंगचा काढून त्या जागी कुठलातरी हलका लोकल बसवलेला, म्हणून ग्राफिक्स कार्डवर लोड आला की बंद पडत होता. आणि आमची एसएसडी गेली म्हणजे त्यातले पोराचे फोटो, कागदपत्रं, ब्राउझरमधले सेव्ह केलेले पासवर्ड सगळं त्याच्याकडे गेलं. त्या रात्री दोन वाजेपर्यंत बसून सगळे पासवर्ड बदलले. पैशापेक्षा याची भीती जास्त वाटली मला.

फोन केला तर आधी "सर चेक करतो", मग ब्लॉक. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबरक्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली. तिथे कळलं की लगेच कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते, माझं पहिलं पेमेंट होऊन सात आठवडे झालेले, खात्यात काही उरलं नव्हतं. पोलीस स्टेशनला लेखी अर्ज दिला, पूर्वी जे 420 म्हणायचो ते आता भारतीय न्याय संहितेत 318 झालंय. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, पार्ट तुमचेच होते याला पुरावा काय? बिलावर सिरीयल नंबर छापलेले होते म्हणून निदान तेवढं दाखवता आलं. ग्राहक आयोगाकडे पण ऑनलाइन तक्रार केलीय, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, ती अजून चालू आहे.

नंतर एमआयडीसीतल्या एका गाडीच्या पेंटरला कॅबिनेट दाखवलं. त्याने पाच मिनिटांत सांगितलं की पत्रा रंगवायचा तर आतलं सगळं काढावंच लागतं, काच, फॅन, प्लास्टिक पण, मग पॉलिश पेपर मारायचा, थिनरने पुसायचं, प्रायमर, रंग, वरून क्लिअर. म्हणजे रंगवणाऱ्याला फक्त रिकामा सांगाडा लागतो, मदरबोर्ड आणि एसएसडीचं त्याच्याकडे कामच काय! लाइटचं पण तसंच, ॲड्रेसेबल फॅनची 3 पिनची 5 व्होल्टची वायर असते, मदरबोर्डवर तसा हेडर, म्हणजे जोडायच्या पिना, असला की घरी जोडता येते, फक्त साध्या आरजीबीच्या 4 पिनच्या 12 व्होल्टवर चुकून लावायची नाही, एलईडी जळतात. त्या पेंटरनेच कॅबिनेट करून दिलं, समोर बसवून, आणि आकडे भाच्याने स्टेन्सिल कापून स्वतः मारले.

परवा भाच्याने एक नवीन पेज दाखवलं. नाव वेगळं, पण फोटो तेच जे आम्ही बघितले होते. आता त्याने नीट दाखवलं मला, टेबलामागच्या खिडकीतून समोरच्या घरांच्या छपरावर बर्फ दिसतंय, म्हणजे काम कुणा परदेशातल्या माणसाचं. गूगल लेन्सवर टाकला तर मूळ फोटो लगेच सापडला, दोन मिनिटांचं काम होतं. यावेळी फोटोतला निळा रंग बदलून पिवळा केलाय आणि खाली लिहिलंय, मी पण कट्टर चेन्नई फॅन, तुमचं काम घरचं समजून करतो. त्या पोस्टखाली किंमत विचारणाऱ्या तिघांना मी मेसेज केलेत. एकाचं उत्तर आलं, त्याचा पीसी उद्या टेम्पोत चढणार होता.