मैफलीसाठी घेतलेले इअरप्लग: हिवाळा-उन्हाळा वापरल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो: घ्या. नागपुरात राहत असाल आणि थंडी पडली की मैदानांवरचे कार्यक्रम सोडवत नसतील, तर नक्की घ्या. पण ही वस्तू काय देते आणि काय देऊ शकत नाही, हे मला दोन कार्यक्रमांमुळे कळलं. एक मी आजवर ऐकलेल्यांत सगळ्यात वाईट, दुसरा सगळ्यात चांगला.

हे मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे बोळे नव्हेत. फोम वरच्या पट्टीतला आवाज जास्त खातो, त्यामुळे गाणं रजईखालून आल्यासारखं वाटतं. यांत सिलिकॉनच्या एकावर एक तीन मऊ चकत्या आणि आत बारीक फिल्टर असतो. सगळे स्वर साधारण सारख्याच प्रमाणात खाली येतात. माझ्या पाकिटावर 18 डेसिबल लिहिलंय. नीट बसले नाहीत तर त्याहून बरंच कमी मिळतं. उजवा घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढायचा आणि मग प्लग हलकेच फिरवत आत सरकवायचा. सगळी गोम इथेच आहे.

वाईट कार्यक्रम जानेवारीतला. मोठं मैदान, महागडं तिकीट, स्पीकरच्या भिंतीसमोरच्या खुर्च्या. मोबाइलवरचं मीटर शंभराच्या पुढे होतं. ते अगदी अचूक नसतं, पण अंदाज येतो. कानांना 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे शंभरला पंधरा मिनिटं. कार्यक्रम तीन तासांचा. प्लग घातले, कानांची आग थांबली आणि मग खरं काय ते ऐकू यायला लागलं. खाली नुसता बेस, वर झांजांचा किणकिणाट आणि मधे जिथे गायकाचा आवाज हवा तिथे काहीच नाही. तबला वाजताना दिसत होता, ऐकू येत नव्हता. एका कडव्यात गायकानं माइक लोकांकडे धरला, तरी त्याचाच आवाज स्पीकरमधून सुरू राहिला. तेव्हा फार वाईट वाटलं. शेजारची माणसं घरून मुलाबाळांना घेऊन आली होती, त्यांना जिवंत गाणं मिळायला हवं होतं. मध्यंतरात मिक्सरवाल्या पोराला विचारलं, तर तो म्हणाला, "पब्लिकले बेसच पायजे ना भाऊ." त्या पोराचा राग आला नाही. त्याला वरून तसंच सांगितलं असणार.

आणखी एक. बेस फक्त कानांतून येत नाही, छातीतून आणि खुर्चीतूनही येतो. तो कुठलाच प्लग अडवत नाही. त्यावर उपाय एकच, लांब बसायचं. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलनं उतरतो.

चांगला कार्यक्रम जयंतीच्या आदल्या रात्रीचा, 13 एप्रिल, उत्तर नागपुरात इंदोऱ्याच्या बाजूला. भीमगीतं, कव्वालीच्या अंगानं. हार्मोनियम, बेंजो, ढोलक, ऑक्टोपॅड, मागे कोरस आणि टाळ्या. हाही कार्यक्रम मोठ्या आवाजातच होता, प्लग लागलेच. पण प्लग घातल्यावर काहीही हरवलं नाही. बेंजोची तार न तार वेगळी, कोरसमधल्या बाईंचा आवाज वेगळा. दुसऱ्याच गाण्यात गायक मुखड्यावर थांबले आणि साउंडवाल्याला म्हणाले, "ढोलक कमी कर बाबू, शब्द गेले पायजे लोकायपर्यंत." ढोलक उतरला, मुखडा पुन्हा घेतला आणि सतरंजीवरच्या पांढऱ्या साडीतल्या आज्यांनी पुढची ओळ आधीच उचलली. ती गाणी कशासाठी बांधली गेली, ते त्या एका सूचनेत होतं. ज्या शहरात 14 ऑक्टोबर 1956 ची बाबासाहेबांची धम्मदीक्षा झाली, तिथे हे ऐकायला मिळतं याचा मला मनापासून अभिमान वाटतो. कार्यक्रम संपल्यावर प्लग काढले तेव्हा कानात शिट्टी नव्हती. पूर्वी अशा रात्रीनंतर ती दुसऱ्या दुपारपर्यंत टिकायची.

सिव्हिल लाइन्समधल्या वसंतराव देशपांडे सभागृहात मात्र प्लग डबीतच राहू द्या. शास्त्रीय गायनाला त्यांची गरज नाही, उलट तानपुऱ्याची आस मरते. वसंतराव याच शहरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले. त्यांच्या नावाच्या सभागृहात स्वर पूर्णच कानात यावेत.

आता तक्रारी. एप्रिलनंतर घामानं प्लग सरकतात, रुमाल जवळ ठेवावा लागतो. थंडीत वरून कानटोपी घातली की प्लग आत दाबले जाऊन दुखतात; मफलर सैल गुंडाळलेला बरा. सोबत गाता येत नाही, स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो. मला हे सगळ्यात जास्त खुपतं. कोमट पाणी आणि साबणानं धुताना फिल्टर काढून ठेवा, तो ओला झाला की आवाज कोंदतो. चकत्या आता थोड्या पिवळ्या पडल्यात, पण पकड शाबूत आहे. आधीच कान दुखत किंवा वाहत असेल तर कानाच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय वापरू नका.

लहान मुलांना हे बसत नाहीत. त्यांच्यासाठी डोक्यावरून घालायचे इअरमफ मिळतात. भाचीसाठी तेच घेतले आणि ती पूर्ण कार्यक्रम हातांनी कान न झाकता, टाळ्या वाजवत बसली.