‘शांत कोंबडा’ म्हणून झुंजीचा कोंबडा विकला

नागपुरात किंवा आसपास घरच्या कोंबड्यांसाठी कोंबडा घ्यायच्या विचारात असाल, तर हे आधी वाचा. माझे २,८०० रुपये गेले. पण घरच्याच अंड्यातून निघालेलं एक जनावर डोळ्यांदेखत गेलं, ते जास्त लागलं.

आमचं घर बेसा भागात आहे, मागे थोडी मोकळी जागा. चार गावरान, दोन वनराजा, तीन कडकनाथ अशा नऊ कोंबड्या दिवसभर मोकळ्या चरतात आणि संध्याकाळी आपापल्या खुराड्यात येतात. मे महिन्यात जुना कोंबडा मुंगसाने मारला. तो कधी हाती लागत नसे, माणूस दिसला की दोन हात लांब राहायचा. पण घार दिसली की ओरडून सगळ्यांना कडुलिंबाखाली पिटाळायचा, आणि दाणा सापडला की कुटकुट करून आधी कोंबड्यांना बोलवायचा. तो गेल्यावर कळप बावरला. पाच महिन्यांचा एक नर नुकता आरवायला लागला होता, पण त्याला अजून कोणी जुमानत नव्हतं.

म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरची जाहिरात पाहून फोन केला. ‘आठ महिन्यांचा गावरान, लेकरांत वाढलेला, एकदम शांत.’ माणूस उमरेड रोडवर एका टपरीजवळ भेटला, तेही दिवस मावळल्यावर. ‘दिवसा कामावर असतो न ताई,’ म्हणाला. कोंबडा त्याच्या काखेत गुपचूप बसला होता. मी पाठीवरून हात फिरवला तरी हलला नाही. ‘पाहा, गाय आहे गाय. पोट्टे खेळतात याच्यासंग.’ मी तिथेच पैसे पाठवले. पावती मागितली नाही, ही माझी चूक.

नवं पाखरू रात्री खुराड्यात सोडलं की बाकीचे सकाळी सहज सामावून घेतात म्हणतात, तसंच केलं. आधी दोन-तीन आठवडे वेगळं ठेवायला हवं होतं. मानमोडीसारख्या साथीच्या रोगाचं निमित्त तर आहेच, पण तेवढ्या दिवसांत त्याचा स्वभावही दिसला असता.

पहाटे साडेपाचला आवाज आला. दोन कोंबडे भिडणं नवीन नाही. दोन-चार झडपा होतात, एक मान खाली घालून पळतो, जिंकलेला त्याला थोडा पिटाळून सोडून देतो. इथे आमचा नर कोपऱ्यात मान घालून बसला होता, तरी नवा कोंबडा थांबत नव्हता. मी दार उघडून त्याला उचललं तेव्हा तो माझ्या हातात लगेच शांत झाला. ते शांत होणं मला अजून आठवतं. नर तासाभरात गेला. त्याला आडवी आलेली एक कडकनाथ कोंबडी डाव्या डोळ्याने अधू झाली.

तिला डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा कोंबडाही टोपलीत घालून नेला. त्यांनी उजेडात धरून दाखवलं. लांब मान, उंच पाय, ताठ उभं राहणं हे असील या झुंजीच्या जातीचं. तुऱ्याची कड सरळ रेषेत कापलेली, चोचीखालच्या लाल पाळ्या नाहीतच, तिथे जुना व्रण. झुंजीत दुसऱ्याच्या चोचीत येऊ नये म्हणून हे कापतात. पायामागचे काटे कानशीने घासलेले, बुडाशी चांगले जाड. आठ महिन्यांच्या कोंबड्याला तिथे जेमतेम बोंड असतं. आणि काट्याच्या वर पायाभोवती दोरीचा घट्टा, म्हणजे झुंजीसाठी काती, धारदार पातं, बांधल्याची खूण. आपल्या विदर्भात कोंबडबाजार कुठे कुठे भरतात ते सगळ्यांना माहीत आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने जनावरं झुंजवणं गुन्हा आहे, तरी भरतात. तिथून बाद झालेला कोंबडा माझ्या गळ्यात मारला होता.

विकणारा माणसाजवळच्या स्वभावाबद्दल खोटं बोलला नव्हता, आणि फसवणूक नेमकी तिथेच आहे. झुंजीचा कोंबडा रोज हाताळतात, चोळतात, हातात धरून झुंजवतात, त्यामुळे तो माणसाला सरावलेला असतो. त्यात अंधारात कोंबड्यांना नीट दिसत नाही, कोणताही कोंबडा निमूट बसतो. माणसाच्या काखेत शांत असणं वेगळं आणि कळपात शांत असणं वेगळं. मला दुसरं हवं होतं, मी पहिलं पाहून आले.

तेव्हा कोंबडा दिवसा पाहा, मोकळा सोडलेला, त्याच्याच कोंबड्यांमध्ये, निदान अर्धा तास. दाणा टाका. स्वतः हादडतो की कोंबड्यांना बोलावतो ते बघा. दुसरा नर आला तर हरलेल्याला सोडतो का ते बघा. तुरा, पाळ्या, पायामागचे काटे हात लावून तपासा. विकणारा दिवसा भेटायला तयार नसेल तर परत फिरा.

फोन केला तर तो म्हणाला, ‘कोंबडा आहे ताई, भांडणारच न.’ मग नंबर ब्लॉक.

कोंबडा आता वेगळ्या जाळीत आहे. मागच्या रविवारी एक जण गेटवर येऊन पाच हजार देतो म्हणाला, वजन विचारलं आणि पाय पाहू द्या म्हणाला. मी त्याला आत येऊ दिलं नाही. पुन्हा झुंजीला जाऊ देणार नाही.

त्या जाहिरातीचा फोटो अजून फिरतोय: निळी ताडपत्री, लाल-काळा कोंबडा, फक्त छातीपासून वर दिसणारा, पाय नाहीत. वय अजूनही ‘आठ महिने’च लिहिलंय.