सोकालो, कोयोआकान की दोलोरेस: ‘ग्रितो’च्या रात्री कॅमेरा घेऊन कुठे उभं राहावं?

१५ सप्टेंबरची रात्र मेक्सिकोत काढायची ठरलीच असेल, तर लेन्सआधी जागेचा विचार करा. मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या रात्रीचा हा सोहळा म्हणजे ‘ग्रितो’, स्वातंत्र्यलढ्याच्या पहिल्या हाकेची आठवण. रात्री अकराच्या सुमारास देशभरातल्या चौकांत घंटा वाजते, ‘विवा मेहिको!’चा गजर होतो आणि आतषबाजी सुरू होते. सगळीकडे साधारण एकाच वेळी. एक चौक निवडला की बाकीचे सुटले.

मेक्सिको सिटीचा सोकालो बहुतेकांच्या यादीत पहिला असतो. अवाढव्य चौक, उत्तरेला कॅथीड्रल, पूर्वेला राष्ट्रीय प्रासाद, भोवतालच्या इमारतींवर हिरव्या-पांढऱ्या-लाल दिव्यांची चित्रं. राष्ट्राध्यक्ष प्रासादाच्या मधल्या सज्जात येऊन घंटा वाजवतात. १८१० मध्ये फादर मिगेल इदाल्गो यांनी दोलोरेस गावात स्पॅनिश सत्तेविरुद्ध बंडाची हाक दिली, तेव्हाची म्हणून ओळखली जाणारी हीच घंटा. १८९६ मध्ये ती राजधानीत आणली. २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लाउडिया शेनबॉम यांच्या रूपाने हा मान पहिल्यांदा एका महिलेला मिळाला.

एवढं असूनही गर्दीचे फोटो हवे असतील, तर सोकालो फसवतो. पुण्या-मुंबईत विसर्जनाची मिरवणूक टिपलेल्यांना वाहत्या गर्दीची सवय असते: आपण एका जागी थांबायचं, चेहरे समोरून येत राहतात. सोकालोत अकरा वाजता गर्दी जागच्या जागी खिळलेली असते आणि सगळ्यांची तोंडं सज्जाकडे. मागे उभं राहिलात तर टोप्या, झेंडे आणि वर केलेले मोबाइल एवढंच मिळतं. सज्जा टिपायला २०० मिमीच्या पुढची लेन्स लागते. तो फोटो वृत्तसंस्था तुमच्यापेक्षा चांगल्या जागेवरून काढतातच. माझं स्पष्ट मत: सोकालोला जायचंच असेल, तर दुपारीच पुढे जागा धरा आणि ऐन घोषणेच्या वेळी प्रासादाकडे पाठ करा. रोषणाईचा उजेड तेव्हा लोकांच्या चेहऱ्यांवर असतो. राष्ट्राध्यक्ष दिसणार नाहीत, पण ओरडणारी आजी आणि खांद्यावर बसलेलं पोर दिसेल. मात्र एकदा रुतलात की गर्दी पांगेपर्यंत जागा बदलणं विसरा.

कोयोआकान हा शहराच्या दक्षिणेकडचा जुना भाग. इदाल्गो चौक आणि त्याला लागून असलेली सेंतेनारिओ बाग, मधे झाडं, कारंजं, खाण्याच्या गाड्या. इथली गर्दी फिरती असते. पोझोलेच्या (मक्याच्या दाण्यांचं सूप) वाडग्यावर वाकलेले चेहरे, खोट्या मिशा लावलेली मुलं, एकमेकांवर फेसाचे फवारे मारणारी टोळकी, सगळं दोन-तीन मीटरच्या अंतरात. ३५ मिमी एफ/१.८ ची एक लेन्स पुरते. उजेड मात्र तुकड्यातुकड्यांत मिळतो. गाडीच्या बल्बपासून दोन पावलं सरकलं की अंधार. कार्यक्रमाचं स्वरूप वर्षागणिक बदलू शकतं, म्हणून निघण्याआधी तेवढं तपासा.

दोलोरेस इदाल्गो ग्वानाह्वातो राज्यात, मेक्सिको सिटीपासून रस्त्याने चार-पाच तासांवर. जिथे हाक दिली गेली ते चर्च आजही चौकात उभं आहे. त्याची कोरीव दर्शनी भिंत गर्दीच्या मागे आली, की फोटोला ठिकाणाची ओळख मिळते. (मूळ घंटा गेल्यामुळे इथे तिची प्रतिकृती आहे.) चौक सोकालोच्या मानाने आटोपशीर, त्यामुळे गर्दी आणि चर्च एकाच चौकटीत सहज बसतात. खोली मात्र फार आधी धरावी लागते. अॅव्होकाडोपासून टकिलापर्यंत भलत्याच चवींचं आइस्क्रीम इथे मिळतं, तो वेगळा मोह.

तांत्रिक बाबी तिन्हीकडे सारख्याच, एक मात्र भारतीयांनी खास लक्षात ठेवावी. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, तिथे ६०. दिव्यांची लुकलुक टाळायला घरी १/५० किंवा १/१०० लावायची सवय असते. तिथे १/६० किंवा १/१२५ ठेवा आणि शक्यतो मेकॅनिकल शटर वापरा. आयएसओ ३२०० ते ६४०० ला घाबरू नका. लाल-हिरव्या एलईडीखाली कातडीचा रंग पार बिघडतो, म्हणून रॉ फाइल हवीच. आतषबाजीत पांढरा बार फुटला की क्षणभर अख्खा चौक उजळतो. आकाश सोडून तेव्हा माणसांकडे कॅमेरा ठेवा. सोकालोत ट्रायपॉड तपासणीत अडू शकतो, आणि आत गेला तरी पाय पसरायला जागा नसते. सप्टेंबर तिथेही पावसाचा, तेव्हा कॅमेऱ्याला कव्हर आणि फेस पुसायला कापड तिन्हीकडे घ्या.

पहिल्यांदाच जाणाऱ्याला मी कोयोआकान सुचवेन. इतिहासावर सलग फोटोमालिका करायची असेल तर दोलोरेस. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे त्या वर्षी घरचा गणपती सोडावा लागेल. तो हिशोब ज्याचा त्याने करावा. आणि १६ तारखेच्या सकाळचं लष्करी संचलनही हवं असेल, तर रात्री राजधानीतच थांबा. दोलोरेसहून ते गाठण्याच्या फंदात पडू नका.