वाड्याची माडी की एमआयडीसीतला गाळा?

साताऱ्यात चित्रकाराला कामासाठी जागा शोधायची झाली, की फिरून फिरून दोनच प्रकार हाताला लागतात. पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्याची माडी, नाहीतर एमआयडीसीतला पत्र्याचा गाळा. फ्लॅटमधली जादाची खोली मी यात धरतच नाही. तिला घरचे पाहुण्यांची खोली म्हणतात आणि ते बरोबरच म्हणतात. भाड्याचे आकडेही मुद्दाम देत नाही, ते माणूस आणि ओळख बघून ठरतं.

दोन्ही जागांत मी काही वर्षं काढली आहेत. जागा आणि माध्यम हे निर्णय वेगवेगळे घेता येत नाहीत, एवढं त्यातून पक्कं कळलं. वाड्यात मी तैलरंगात काम करायचो. गाळ्यात गेलो आणि अ‍ॅक्रिलिकवर आलो. बघायला येणाऱ्यांना वाटायचं, शैली बदलतेय. खरं कारण शेजारच्या गाळ्यातला ग्राइंडर. लोखंडाची बारीक भुकटी दिवसभर हवेत असायची. तैलरंग वाळतो तो पाणी उडून नव्हे. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत घेत घट्ट होतं. अंबरसारखा मातकट रंग लवकर आवळतो, पण कॅडमियम किंवा अलिझरिन जरा जाड लावला तर दिवसच्या दिवस ओला राहतो. तोवर तुमचा कॅनव्हास म्हणजे माशा धरायचा चिकट कागद. अ‍ॅक्रिलिक अर्ध्या तासात कोरडा, वर धूळ बसली तरी फडक्याने पुसता येते.

गाळ्याची बाजू तशी भक्कम आहे. सहा बाय आठ फुटांचा कॅनव्हास सरळ भिंतीला टेकवता येतो, दहा पावलं मागे जाऊन बघता येतो आणि शटर वर केलं की थेट टेंपोत चढवता येतो. तैलरंग पातळ करायच्या टर्पेंटाइनच्या वासाबद्दल कुणी बोलत नाही, शेजारी त्याहून वाईट वास असतात. पावसात पत्र्यावर जो आवाज होतो त्यात फोनसुद्धा ऐकू येत नाही. मला तो आवडायचा, पण हे ज्याचं त्याचं.

एप्रिल-मेमध्ये मात्र पत्रा तापतो आणि ब्रश कॅनव्हासपर्यंत जाईस्तोवर पॅलेटवरच्या रंगाला साय धरते. त्यावर इलाज आहेत. ओल्या स्पंजवर बटर पेपर पसरून त्यावर रंग काढायचे, रंगाचं वाळणं लांबवणारं थोडं रिटार्डर घालायचं. ओला अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर गडद होतो, कारण त्यातलं दुधाळ माध्यम पारदर्शक होतं. आदल्या दिवशीच्या कातडीच्या रंगाशी आजचा रंग जुळवताना त्यामुळे डोकं उठतं. तेही सवयीने जमतं.

जमलं नाही ते छत.

अशा गाळ्यांच्या पत्र्यात उजेडासाठी मधे मधे फायबरचे पत्रे टाकलेले असतात. आमचे हिरवट होते. आत गेल्यावर पहिली पाच मिनिटं ते जाणवायचं, मग डोळा सरावायचा आणि पांढरा कागद पांढरा दिसायला लागायचा. गंमत अशी, की डोळा सरावतो पण पुरता नाही. हिरव्या उजेडात लाल रंग थोडा मेलेला दिसतो, म्हणून हात आपोआप लाल जास्त घालतो. आत झकास दिसणारं एका आजोबांचं व्यक्तिचित्र मी शटरबाहेर उन्हात नेलं, तर आजोबांना नुकतीच कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखे गाल. घरच्या मंडळींनी ते आनंदाने घेतलं, म्हणाले तब्येत छान दिसतेय. माझ्या मनातून ते काही गेलं नाही.

मालकाला पत्रे बदलायला सांगितलं. ‘बघू’ म्हणाले. शेवटी दोन पत्रे मीच बदलून पारदर्शक घातले, तर सरळ ऊनच आत आलं. उन्हाचा चौकोन सकाळी जमिनीवर, अकराला इझलवर, दुपारी पॅलेटवर. दुधी पत्रा त्यातल्या त्यात बरा, पण तो काही उन्हाळे खाल्ले की पिवळा पडत जातो आणि आपण पुन्हा तिथेच. सगळं झाकून भर दिवसा ट्यूबवर काम करायचं, तर मग एवढी मोठी जागा घेऊन उपयोग काय? बाकीच्या सगळ्या गैरसोयी मी सोसल्या असत्या असं वाटतं. रंगावरचा विश्वास उडाला की मात्र हातच चालत नाही.

माडीवर हा प्रश्न नव्हता. अजिंक्यतारा किल्ला शहराच्या दक्षिणेला, आणि जुन्या पेठा त्याच्या उतारावर. उत्तरेकडे जमीन खाली जाते, त्यामुळे वरच्या अंगाच्या वाड्यांना उत्तरेची खिडकी बहुधा मोकळी मिळते. पुढच्या घराचं छप्पर खाली राहतं. युरोपातली पुस्तकं सांगतात की उत्तरेच्या खिडकीतून ऊन कधीच येत नाही. आपल्याकडे ते पूर्ण खरं नाही. सातारा साधारण साडेसतरा-अठरा अक्षांशांवर, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य दुपारीसुद्धा किंचित उत्तरेला असतो, आणि उन्हाळ्यातल्या सकाळ-संध्याकाळी तिरीप आत येतेच. जूनपासून ढगच असतात, म्हणून प्रश्न उरतो तो मे महिन्याचा. एक पांढरं धोतर आडवं बांधलं की भागतं.

वाड्याची दुखणी वेगळी. माळवदातून माती गळते, ओल्या तैलरंगावर तीही चिकटतेच. म्हणून वर मांजरपाटाचं छत ताणून घ्यावं लागतं. मोठा कॅनव्हास जिन्याच्या वळणावर अडतो. माझ्या जिन्यातून तीन बाय चारच्या पुढे काही उतरत नव्हतं, आणि चौकटीवरून काढून गुंडाळावं तर तैलरंग आतून ओला असतो. मी मोठी चित्रं दोन जोड-चौकटींत करायला लागलो, आता तशीच सुचतात. तिसरी गोष्ट थट्टेची नाही: जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर तो स्वतःच्या उष्णतेने पेट घेऊ शकतो. सागवानी वाड्यात हे परवडणारं नाही. पाण्याचा डबा आणि वर घट्ट झाकण, रोज संध्याकाळी, न चुकता. खाली सोप्यात राहणाऱ्या काकूंना टर्पेंटाइनच्या वासाने डोकं धरायचं, म्हणून ब्रश धुवायला मी साधं गोडं तेल आणि साबण वापरायला लागलो. ब्रशही जास्त टिकले.

अ‍ॅक्रिलिक मी सोडला असंही नाही. खालचा पहिला थर आजही त्यातच घालतो, अर्ध्या दिवसात तयार होतो, आणि वर तैलरंग. उलटं करू नये, तेलावर अ‍ॅक्रिलिक धरत नाही, सोलून निघतो. टिकाऊपणाबद्दल कुणी विचारलं तर मी त्यांना आपल्या जिल्ह्यातल्या औंधला पाठवतो. तिथले संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेल्या संग्रहालयात रविवर्म्याची तैलचित्रं आहेत, जवळ जाऊन बघता येतात. अ‍ॅक्रिलिक चित्रकारांच्या हातात आला तोच विसाव्या शतकाच्या मध्याला. तो वाईट आहे असं नाही, त्याला अजून एवढं वय झालेलं नाही इतकंच.

जलरंगवाल्यांनी या वादात पडू नये. त्यांना टेबल पुरतं. फक्त जुलैत वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, वाळत नाही आणि कागदाला बुरशी धरते, तेव्हा कोरड्या कपाटाची सोय कुठे आहे ते बघावं.

भित्तिचित्रं, सजावटीची मोठी कामं, हाताखाली दोन मुलं असा पसारा असेल तर गाळाच घ्या, माडीवर तुमचा जीव गुदमरेल. व्यक्तिचित्र, स्थिरचित्र, निसर्ग, एकट्याने करायचं काम असेल तर मी माडीकडेच बोट दाखवीन. दोन्हीकडे डिपॉझिट द्यायच्या आधी एक करा. स्वतःच्या एका जुन्या चित्राला बरोबर घेऊन जा, ज्याचे रंग तुम्हाला तोंडपाठ आहेत. सकाळी दहाला आणि दुपारी चारला ते त्या जागेत भिंतीला लावून बघा, मग बाहेर नेऊन बघा. मालक घाईत असेल तर त्याला चहा पाजा, पण चारपर्यंत थांबा.