गठ्ठ्यातले दोन स्टालिन

नवी पेठेच्या मागच्या बाजूला गल्लीत जुन्या पुस्तकांचं एक अरुंद दुकान आहे. पुढे गाइडं आणि स्पर्धा परीक्षांचे ढीग, आणि आत लोखंडी रॅकच्या वरच्या फळीवर जुनी अमेरिकन साप्ताहिकं: 'टाइम' आणि 'लाइफ', बहुतेक 1938 ते 1945 मधली. सुटा अंक 600 ते 1200 रुपये, बारा अंकांचा 'महायुद्ध गठ्ठा' 7500. बांधून देतात तो जुन्या चादरीच्या तुकड्यात. गाव सोलापूर, तेव्हा बासनही चादरीचंच.

गठ्ठ्यातले निम्मे अंक रणगाडे आणि नकाशांचे आहेत, ते कुठेही मिळतील. दाम वसूल होतो तो दोन अंकांत, 1 जानेवारी 1940 आणि 4 जानेवारी 1943. दोन्ही 'टाइम'चे, दोन्हींच्या मुखपृष्ठावर स्टालिन, दोन्हींत तोच 'मॅन ऑफ द इयर'. पहिला अंक निघाला तेव्हा हिटलरशी केलेल्या कराराला चार महिने झाले होते आणि रशियाला फिनलंडवर चालून जाऊन एक महिना. अमेरिकेत तेव्हा सहानुभूती जवळजवळ सगळी फिनलंडकडे होती. दुसरा निघाला तेव्हा जर्मनीची सहावी सेना स्टालिनग्राडला वेढ्यात सापडली होती, आणि लेखाच्या सुरुवातीलाच या माणसाच्या नावाचा रशियन अर्थ पोलाद असा कौतुकाने सांगितलाय. माणूस तोच, त्याचे तुरुंगही तेच. तीन वर्षांत बदलला तो शत्रू.

'मॅन ऑफ द इयर' म्हणजे पुरस्कार, अशी समजूत दुकानातही दिसते. निवड प्रभावावर असते, भला असो वा बुरा. खात्री करायची तर याच गठ्ठ्यातला 2 जानेवारी 1939 चा अंक उघडा. हिटलर त्या वर्षाचा मानकरी, पण मुखपृष्ठावर त्याचा रुबाबदार चेहरा नाही. एका प्रचंड ऑर्गनपुढे बसलेली बारकी आकृती आणि वर चाकाला लटकलेली प्रेतं. भिंग लावून बघण्यासारखं चित्र आहे.

तिसरा महत्त्वाचा अंक 'लाइफ'चा, 29 मार्च 1943, पूर्ण रशिया विशेषांक. मुखपृष्ठावर मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी काढलेला स्टालिनचा फोटो. रशियन लोक दिसायला, कपड्यांत आणि विचारांत अमेरिकनांसारखेच, असं आतला मजकूर सांगतो. एनकेव्हीडी, म्हणजे ज्या गुप्त पोलिसांनी लाखो माणसं छावण्यांत धाडली, ती एफबीआयसारखी राष्ट्रीय पोलीस संघटना असल्याचं त्यात बिनदिक्कत छापलंय. युद्धात मित्र कसा धुऊन-इस्त्री करून मांडतात, हे याहून स्वच्छ कुठे सापडणार?

आता गठ्ठ्याची खोट. 1941 च्या जूनमध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केला, पण त्या जून-जुलैचा एकही अंक त्यात नाही, आणि वारं नक्की कधी फिरलं हे बघायला तेच हवेत. त्याहून मोठी अडचण अशी की साप्ताहिक म्हणजे संपादकाचं मत, जनतेचं नव्हे. म्हणून शेजारी गॅलप या अमेरिकन संस्थेचे जनमत कौल ठेवावे लागतात. 1939 च्या सुरुवातीलाच, जर्मनी आणि रशिया लढले तर कोण जिंकावं या प्रश्नावर मत असलेल्यांपैकी 83 टक्के लोकांनी रशिया म्हटलं होतं. 22 जून 1941 च्या त्या हल्ल्यानंतर रशिया जिंकावा म्हणणारे 70 टक्क्यांच्या वर होते. पण ब्रिटनला देतो तशीच मदत रशियाला द्यायला निम्म्याहून जास्त लोक तेव्हा तयार नव्हते. म्हणजे तो जिंकावा, पण आपल्या पैशाने नको. ही दुधारी भावना 'लाइफ'च्या गुळगुळीत पानांत मिळत नाही. कौलही डोळे झाकून घेऊ नयेत. त्या काळी कौलासाठी निवडलेल्या लोकांचा नमुना मतदारांच्या अंदाजाने बेतलेला असे, त्यामुळे गरीब, कृष्णवर्णीय आणि स्त्रिया त्यात कमी पडत. शिवाय 'मत नाही' म्हणणारे वगळले की आकडा फुगतो.

घेताना तपासायचं ते असं. अंक मधोमध पिनांनी शिवलेले असतात, त्यामुळे एक पान कापलं की दुसऱ्या अर्ध्यातलं त्याचं जोडपान सैल होतं. मधलं पान उघडून दोन्हीकडे बोटाने हलकेच ओढून बघा. बहुधा जाहिरातींची पानंच फ्रेमसाठी कापलेली असतात, आणि तोच खरा तोटा. 1942 च्या फेब्रुवारीनंतर अमेरिकेत खासगी मोटारी बनणं थांबलं, तरी मोटार कंपन्या जाहिराती देतच राहिल्या, रणगाडे आणि विमानांच्या. वाचक कोण होता आणि त्याला काय विकत होते, हे त्यातूनच कळतं. सैनिकांसाठी काढलेली छोट्या आकाराची आवृत्ती जाहिरातींविना असायची. तिला पूर्ण अंकाचा भाव देऊ नका.

नकली मुखपृष्ठ ओळखायला नोटा तपासायचा जांभळा दिवा पुरतो. कागद चमकवणारी रसायनं युद्धानंतर आली, म्हणून जुना कागद त्या उजेडात मंद दिसतो आणि नवा निळसर पांढरा उजळतो. या दुकानात स्टालिनच्या 1943 च्या अंकाला असं नवं मुखपृष्ठ चिकटवलेलं एकदा निघालं; आतली पानं मात्र खरी होती. मालकांना दाखवल्यावर 300 रुपये कमी झाले.

घरी आणल्यावर सेलोटेप आणि लॅमिनेशन दोन्ही नको. टेपचा डिंक काही वर्षांत तेलकट पिवळा होतो आणि कागदात उतरतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कागद कोरडा पडून कडा तुटतात, तेव्हा पत्र्याखालचा माळा टाळा. अंक आडवे, धुतलेल्या सुती कापडात, एकावर एक फार तर सहा. त्या चादरीच्या तुकड्याची खळ आधी धुऊन काढा, खळीला कसर लागते.

7500 चा गठ्ठा घेऊ नये. वरचे चार अंक सुटे मागा, घासाघीस करून 3500 पर्यंत मिळतात. दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं, आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत जवळजवळ पंधरवडाभर.